इज्रेलचे वडील आणि आमची वार्षिक सभा

निशिगंध | सोमवार, रात्री ११:२०

सगळ्यांना नमस्कार आणि जय ख्रिस्त.

कालपासून एक गोष्ट मनात रुतून बसली आहे, म्हणून हा धागा काढतेय. मंडळीचं (म्हणजे आमच्या चर्चचं) नाव, भाग, कुणाचं आडनाव यातलं काही लिहिणार नाही, कृपया कुणी विचारूही नका. पुण्यातली एक जुनी मराठी मंडळी, एवढं पुरे.

काल उपासनेनंतर वार्षिक सभा होती. जमाखर्चाचे दोन कागद झेरॉक्स करून बाकांवर ठेवले होते. आमच्या आवाराच्या भिंतीला लागून भाड्याने दिलेले चार गाळे आहेत. 'गाळेभाडे' ही ओळ दरवर्षी जमेच्या बाजूला असायची, यंदा ती नव्हतीच. आमच्यातल्या एक आजी, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, उठल्या आणि म्हणाल्या, "गाळ्यांचं भाडं कुठं धरलंय ते मला सापडत नाहीये, जरा सांगता का?" आवाज अजिबात चढलेला नव्हता. चष्मा नाकावर आणि बोट कागदावर.

व्यासपीठावरून उत्तर आलं, "बाई, देवाच्या अभिषिक्तांवर बोट उचलू नये, असं शास्त्र सांगतं." (अभिषिक्त म्हणजे देवाने आपल्या कामासाठी नेमलेला माणूस.) आणि माईक पुढच्या विषयाकडे गेला. आजी तशाच उभ्या होत्या. मग बसल्या. पर्सची चेन उघडली, काही न काढता लावली, परत उघडली. मी त्यांच्या शेजारीच होते. "जमाखर्च मंजूर?" असं विचारलं तेव्हा हात वर झाले. माझाही झाला.

रात्री झोप लागेना, तेव्हा बायबलमधलं १ राजे २१ काढलं. नाबोथाचा द्राक्षमळा. लहानपणापासून शब्बाथ शाळेत ऐकलेली गोष्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अहाब राजाला वाड्याशेजारचा नाबोथाचा मळा भाजीपाला लावायला हवा असतो. नाबोथ वाडवडिलांचं वतन द्यायला नाही म्हणतो. राजा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडतो, जेवत नाही. राणी ईजबेल राजाच्या नावाने पत्रं लिहिते, त्याच्याच मुद्रेने शिक्का मारते आणि नाबोथाच्या गावच्या, म्हणजे इज्रेलच्या, वडिलांना (गावकारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांना) नि सरदारांना धाडते. उपास जाहीर करा, नाबोथाला पुढे बसवा, दोन अधम माणसं त्याच्यासमोर बसवा, त्याने देवाला आणि राजाला शाप दिला अशी साक्ष देववा, मग गावाबाहेर नेऊन धोंडमार करा. तसंच होतं. मग संदेष्टा एलीया येऊन राजाला तोंडावर दोष देतो.

आजवर मी या गोष्टीत चारच माणसं पाहिली होती: अहाब, ईजबेल, नाबोथ आणि संदेष्टा एलीया. काल पहिल्यांदा ११वं वचन दिसलं. त्याच्या गावच्या वडिलांनी पत्रात लिहिलं होतं तसं केलं. त्याच्याच गावच्या! नाबोथाच्या मळ्यावरून रोज जाणारी, त्याच्या पोरांना ओळखणारी माणसं. एकानेही "हे खरं आहे का?" असं विचारलेलं शास्त्रात नाही. आणि १४वं वचन वाचा. पत्रं आली राजाच्या नावाने, पण "नाबोथ मेला" हा निरोप ते धाडतात ईजबेलीला. म्हणजे पत्र कुणाचं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी रात्रभर त्या वडिलांमध्ये बसले होते.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. 'अभिषिक्ताला हात लावू नका' हे वचन खरंच असं वापरता येतं का? आणि मंडळीत हिशेब विचारायचा तर तो शास्त्राला धरून कसा विचारायचा?

---

पेठकर | सोमवार, रात्री ११:५८

निशिगंध ताई, मी ख्रिस्ती नाही, पण तुमची गोष्ट वाचून राहवलं नाही. राजाच्या शिक्क्याचं पत्र, मजकूर दुसऱ्याचा, आणि हुकमाची तामिली करणारे तिसरेच. आम्ही शनिवारवाड्याजवळ वाढलेली माणसं, आम्हाला लगेच 'ध चा मा' आठवतो. नारायणरावांना 'धरावे' या आज्ञेचं 'मारावे' झालं ही आख्यायिका. आनंदीबाईंनी ते केलं की नाही यावर इतिहासकार बोलतील. पण ३० ऑगस्ट १७७३ ला वाड्यात खून पडला आणि राघोबादादा गादीवर बसले, हे तर घडलंच.

त्या वेळी पुण्यात किती शहाणी, शास्त्र जाणणारी माणसं होती! तरी दादासाहेबांना तोंडावर "तुम्ही दोषी आहात, याला देहान्त प्रायश्चित्त" असं सांगितलं ते एकट्या रामशास्त्री प्रभुण्यांनी. आणि पुणं सोडलं. अजूनही आपण 'रामशास्त्री बाणा' म्हणतो. तुमचा एलीया मला त्यांच्या फार जवळचा वाटला.

एक शंका. राजा तर त्याबदल्यात चांगला मळा किंवा रोख किंमत द्यायला तयार होता ना? मग नाबोथाने का नाही दिला? नुसता हट्ट?

---

अभ्यासिका | मंगळवार, सकाळी ७:१०

पेठकर, प्रश्न नेमका आहे. हट्ट नव्हता. लेवीय २५:२३ मध्ये देव म्हणतो, जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ उपरे आहात. गणना ३६ मध्ये एका वंशाचं वतन दुसऱ्या वंशाकडे जाऊ नये, असा नियम आहे. नाबोथ राजाला नाही म्हणत नव्हता, जी गोष्ट आपली नाही ती विकता येत नाही, एवढंच तो म्हणत होता. आणि इस्राएलाचा राजा नियमशास्त्राच्या (देवाने दिलेल्या कायद्याच्या) वर नव्हता. अनुवाद या बायबलच्या पुस्तकाचा १७वा अध्याय वाचा: राजाने घोडे वाढवू नयेत, बायका वाढवू नयेत, सोनंरुपं फार साठवू नये, आणि नियमशास्त्राची नक्कल स्वतः लिहून घेऊन आयुष्यभर वाचावी, म्हणजे आपल्या भाऊबंदांपुढे त्याचं मन उन्मत्त होणार नाही. त्या काळच्या जगात राजाला असा बांध घालणारं लिखाण विरळा आहे.

ईजबेल बाहेरच्या राजघराण्यातली. तिला अहाबाचं पडून राहणं कळतच नाही. "इस्राएलावर राज्य तुम्हीच करता ना?" ती विचारते. तिच्या लेखी राजा म्हणजे घेणारा.

आणि एक गोष्ट फार बोचते. तिने नियमशास्त्र मोडलं नाही, वापरलं. दोन साक्षीदार पाहिजेत (अनुवाद १७:६), तर दोन आणले. उपास जाहीर केला. शिक्षा गावाबाहेर दिली. कागदावर सगळं बिनचूक. नाबोथाच्या मुलांचं काय झालं ते १ राजे सांगत नाही, पण २ राजे ९:२६ मध्ये अहाबाचं घराणं संपवणारा येहू नाबोथाच्या आणि त्याच्या मुलांच्या रक्ताचा उल्लेख करतो. म्हणजे वारसही ठेवले नाहीत.

आता 'अभिषिक्त'. निशिगंध ताई, हे वचन कुठून येतं ते बघू.

स्तोत्र १०५:१५. "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका." मागची तीन वचनं वाचल्याशिवाय हे वाचूच नये. तिथं अभिषिक्त कोण? अब्राहाम, इसहाक, याकोब. संख्येने थोडे, परक्या देशात उपरे, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भटकणारे. आणि दम कुणाला दिलाय? राजांना! "त्यांच्याकरिता त्याने राजांना धमकावले." हे वचन सत्ता नसलेल्यांच्या बाजूने सत्ताधाऱ्यांना दिलेली ताकीद आहे. तुमच्या सभेत ते वापरायचंच होतं तर आजींच्या बाजूने वापरायला हवं होतं.

दुसरी जागा १ शमुवेल २४. दावीदाच्या जिवावर उठलेला शौल राजा गुहेत त्याच्याच हाती लागतो. दावीद त्याच्या झग्याचा काठ कापतो, पण त्याला मारत नाही, म्हणतो की परमेश्वराच्या अभिषिक्तावर मी हात टाकणार नाही. इथवर सगळे सांगतात. पुढे काय होतं? दावीद गुहेबाहेर येतो, शौलाच्या मागून मोठ्याने हाक मारतो, तो कापलेला काठ हातात धरून दाखवतो आणि म्हणतो, मी तुझा काही अपराध केला नाही, तू माझा जीव घ्यायला टपलास, परमेश्वर तुझ्यामाझ्यामध्ये न्याय करो. शौलाबरोबर तीन हजार निवडक माणसं होती. हात टाकायचा नाही म्हणजे तलवार उचलायची नाही. तोंड बंद ठेवायचं, असं दावीदाने मानलेलं नाही.

आणि तोच दावीद स्वतः अभिषिक्त राजा झाल्यावर उरीयाची बायको घेतो, उरीयाला मारवतो, तेव्हा संदेष्टा नाथान काय करतो? गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो, राजाचा राग अनावर होऊ देतो आणि मग म्हणतो, "तो मनुष्य तूच आहेस." दावीदाने त्याला 'अभिषिक्त' हा शब्द ऐकवला नाही.

---

जुनी_पेटी | मंगळवार, दुपारी १:३५

मी आमच्या मंडळीत अकरा वर्षे खजिनदार होतो. वयाच्या मानाने टंकलेखन हळू आहे, तरी लिहितो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

२ राजे १२ हा अध्याय कोणत्याही खजिनदाराने पाठ करावा. योवाश राजाने मंदिराच्या डागडुजीसाठी येणारा पैसा याजकांच्या हाती दिला होता. त्याच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी भेगा तशाच. पैसा येत होता, काम होत नव्हते. राजाने यहोयादा याजकाला आणि इतर याजकांना बोलावून सरळ विचारले, मंदिर का दुरुस्त करत नाही? मग उपाय काय केला? यहोयादाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ, येणाऱ्याच्या उजव्या हाताला ठेवली. पेटीत पुष्कळ पैसा झाला की राजाचा लेखक आणि मुख्य याजक, असे दोघे येऊन मोजत आणि थैल्यांत बांधत.

दोघे. एक मंदिराकडचा, एक बाहेरचा. यहोयादा काही चोर नव्हता. शास्त्र त्याला चांगलाच म्हणते. तरी व्यवस्था माणसाच्या चांगुलपणावर सोडली नाही.

आमच्याकडे उपासनेनंतर अर्पण मोजायला नेहमी दोघे बसत, ते दोघे एका घरातले नसत, आणि ही दोघांची जोडी दर महिन्याला बदले. मागच्या खोलीत लाकडी टेबल, त्यावर हिरवे कापड. प्रथम नाणी. दहाच्या नाण्यांचे दहा-दहाचे मनोरे रचायचे, मग नोटा सरळ करून एका बाजूला तोंडे करायची. काही म्हाताऱ्या बायका नोटेची घडी एवढी बारीक करून टाकत की ती उघडायला नख लागे. पुष्कळदा ती वीस रुपयांची असे. ती उघडताना मला मंदिराच्या पेटीत आपल्या दोन टोल्या (अगदी हलकी नाणी) टाकणारी विधवा आठवे. आणि हेही आठवे की मार्क १२ मध्ये तिच्या अगोदरचे वचन शास्त्र्यांबद्दल आहे, जे विधवांची घरे गिळतात आणि ढोंगाने लांबलचक प्रार्थना करतात. आपण विधवेवर संदेश देतो, अगोदरचे वचन सोडून देतो. वहीत आकडा शाईने लिहायचा, खोडायचा नाही. चुकला तर एक रेघ मारून शेजारी लिहायचा आणि दोघांनी सही करायची.

एकदा एका नव्या पंचांनी मला म्हटले, "दोन सह्या कशाला? तुमच्यावर आमचा विश्वास आहे." मी त्यांना २ करिंथ ८ दाखवले. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी न्यायची होती तेव्हा प्रेषित पौल एकटा गेला नाही, मंडळ्यांनी निवडलेला भाऊ बरोबर घेतला. त्याचे कारणही लिहिले: या मोठ्या रकमेबद्दल कोणी आम्हाला दोष लावू नये, प्रभूच्या दृष्टीनेच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते आम्ही करतो. हिशेब मागितला तर पौलाला अपमान वाटत नव्हता. तो मागायच्या आधीच देत होता.

ताई, त्या आजींनी काही वावगे केले नाही. त्यांनी पेटीचे भोक कुठे आहे एवढेच विचारले.

---

शांत_पाणी | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. माझ्या आजोबांच्या वेळेस आमची मंडळी अशाच एका वादात फुटली. दोन गट, दोन उपासना. सख्खे भाऊ नाताळला एकमेकांकडे जाईनासे झाले. माझी आई त्याबद्दल बोलताना अजून रडते. त्यामुळे हिशेबाचा विषय निघाला की माझ्या पोटात गोळा येतो.

मत्तय १८ सांगतं, आधी एकट्याने एकट्याला जाऊन सांग. १ तीमथ्य ५:१९ सांगतं, दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलांवरचा आरोप ऐकूही नकोस. रोम १३ म्हणतं, अधिकार देवाने नेमलेले आहेत. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली तर शेजारीपाजारी ख्रिस्ताच्या नावाला हसतील. आणि पुढे जाऊन कोर्टकचेरी झाली तर? १ करिंथ ६ मध्ये पौल विचारतो, भाऊ भावावर फिर्याद करतो, तीही अविश्वासणाऱ्यांपुढे? आजींनी आधी पाळकसाहेबांना घरी जाऊन विचारलं असतं तर बरं झालं नसतं का?

---

निशिगंध | मंगळवार, रात्री ९:३०

शांत_पाणी, राग कसला, तुम्ही जे लिहिलंय ते मलाही वाटतं. फूट पडलेली मंडळी मी पाहिली आहे.

पण आजींनी आरोप केलाच नव्हता हो. वार्षिक सभेत जमाखर्चाचा कागद हातात दिला होता, त्यावर प्रश्न विचारण्यासाठीच ती सभा असते. आणि त्या आधी दोनदा कार्यालयात जाऊन आल्या होत्या, हे मला आज कळलं. "बघून सांगतो" हे उत्तर मिळालं होतं.

---

अभ्यासिका | मंगळवार, रात्री १०:१५

शांत_पाणी यांची वचनं बरोबर आहेत, पण प्रत्येकाचं पुढचं पाऊल वाचायला हवं. मत्तय १८ मध्ये एकट्याने गेल्यावर ऐकलं नाही तर दोघातिघांना घेऊन जायचं, तरी नाही तर मंडळीला कळवायचं. ते गप्प राहण्याचं नव्हे, पायरीपायरीने बोलण्याचं वचन आहे. १ तीमथ्य ५:१९ च्या लगेच खाली २०वं वचन: पाप करणाऱ्यांना सगळ्यांसमोर दोष दे, म्हणजे इतरांनाही भय वाटेल. वडिलांना खोट्या आरोपापासून संरक्षण आहे, चौकशीपासून नाही. रोम १३ मधला अधिकारी हा "देवाचा सेवक" आहे, तुझ्या हितासाठी. आणि 'माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे' हे पेत्र न्यायसभेपुढे म्हणाला, ते प्रेषितांची कृत्ये ५:२९.

मंडळीतल्या पहिल्या तक्रारीचं उदाहरण घ्या, कृत्ये ६. रोजच्या वाटपात आमच्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर झाली. तिथं तर खुद्द प्रेषित होते. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावलं आणि तुम्हीच सात माणसं निवडा म्हणून सांगितलं. निवडलेल्या सातांची नावं सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती बहुधा त्यांच्यातलीच माणसं वाटपावर नेमली.

अजून एक सांगते आणि थांबते, कारण मला हे फार आवडतं. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हिब्रूतलं 'घेणे' हे एकच क्रियापद सतत येतं. दुसऱ्या अध्यायात एली याजकाच्या मुलांचा चाकर तीन काट्यांची आकडी कढईत खुपसतो, वर येईल ते याजक घेतो. आठव्यात संदेष्टा शमुवेलाचे मुलगे बैरशेब्यात लाच घेतात (आणि त्यांना न्यायाधीश नेमलं कुणी? खुद्द शमुवेलाने). लोक कंटाळून राजा मागतात, तेव्हा शमुवेल सांगतो, राजा तुमचे मुलगे घेईल, मुली घेईल, शेतं, द्राक्षमळे, जैतुनाचे बाग घेईल, दासदासी आणि गाढवं घेईल. मग बाराव्या अध्यायात म्हातारा शमुवेल लोकांसमोर उभा राहून स्वतःच विचारतो, मी कुणाचा बैल घेतला? कुणाचं गाढव घेतलं? कुणाच्या हातून लाच घेतली? सांगा, मी परत करतो. लोक म्हणतात, तू काही घेतलं नाहीस.

निरोप घेताना पुढाऱ्याने स्वतःहून हिशेब द्यायचा, हा त्या पुस्तकाचा मापदंड आहे.

---

पाळकाची_लेक | बुधवार, सकाळी ६:०५

दोन दिवस वाचतेय. मला दुसरी बाजू लिहायचीच आहे, नाहीतर हा धागा 'पाळक विरुद्ध सभासद' असा होईल.

माझे वडील चाळीस वर्षं पाळक होते. त्यातल्या एका ठिकाणी, मंडळी कुठली ते सांगत नाही, पंचकमिटीतल्या दोन वजनदार माणसांना त्यांचा एक संदेश आवडला नाही. बायबलमधल्या आमोसातला होता, गरिबाला जोडीभर जोड्यांसाठी विकणाऱ्यांबद्दलचा. पुढचे पाच महिने पगार आला नाही. "फंड नाही." आई वाण्याच्या दुकानासमोरून जायचं टाळायची, लांबच्या गल्लीने भाजी आणायची. मी आठवीत होते. शाळेची फी भरायला आईने पाटल्या मोडल्या ते मला लग्नानंतर कळलं. आणि दर रविवारी तीच दोन माणसं पहिल्या बाकावर बसून माझ्या वडिलांशी हस्तांदोलन करायची.

याकोब ५:४, कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते. यिर्मया २२:१३, शेजाऱ्याकडून फुकट काम करवून घेऊन माड्या बांधणाऱ्याला हाय. ही वचनं व्यासपीठावरून सहसा निघत नाहीत, कारण ऐकणारे समोर बसलेले असतात.

३ योहानातला दियत्रेफस बघा. त्याला मोठेपणाची हाव होती, तो प्रेषितांचं ऐकत नव्हता, पाहुण्या भावांना घेत नव्हता आणि घेऊ पाहणाऱ्यांना मंडळीबाहेर घालवत होता. तो पाळक होता की नुसता गावातला बडा माणूस, हे पत्रात कुठेच नाही. सत्ता झग्यातच असते असं नाही. ती देणगीच्या पाटीवरही असते.

नहेम्या मला म्हणून जवळचा वाटतो. बारा वर्षं सुभेदार होता, सुभेदाराचा भत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच फार भार होता. आणि ज्या सरदारांनी दुष्काळात भाऊबंदांची शेतं नि पोरं गहाण घेतली होती, त्यांच्याशी तो भांडला. मोठी सभा भरवून, सगळ्यांसमोर.

---

दफ्तरी | बुधवार, सकाळी ११:४०

मी शास्त्रातला नाही, ट्रस्टच्या कागदपत्रांत आयुष्य गेलं. व्यवहाराचं तेवढं सांगतो.

मंडळीची मालमत्ता बहुतेक सार्वजनिक न्यासाच्या नावावर असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली दरवर्षी हिशेब ठेवणं आणि तपासून घेणं बंधनकारक आहे. कलम ३६ प्रमाणे न्यासाची जमीन किंवा इमारत विकायची, बदलून किंवा बक्षीस द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. इमारत वा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल तरी लागते. त्यामुळे गाळे कोणत्या कराराने, किती मुदतीने दिलेत, हा पहिला प्रश्न. भाडं कोणत्या खात्यात जमा होतं, हा दुसरा.

थेट धर्मादाय कार्यालयात जाऊ नका. आधी मंडळीच्या कार्यालयाला साधं पत्र द्या. आरोपाचा एकही शब्द नको. कोणत्या वर्षाचे, कोणते कागद पाहायचेत तेवढं लिहा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. नऊवेळा तोंडी विचारण्यापेक्षा एका पोचेला जास्त किंमत असते. पुष्कळदा चोरी नसतेच, नुसता गलथानपणा असतो, आणि पत्र आलं की वही शोधली जाते.

१ करिंथ ६ बद्दल शांत_पाणी यांनी लिहिलं, त्याचं उत्तर जाणकार देतील. माझ्या माहितीत तरी कागद पाहायला मागणं म्हणजे फिर्याद नव्हे.

---

अभ्यासिका | बुधवार, दुपारी १२:२०

नव्हेच. आणि पौलाने स्वतः अन्याय होतोय असं दिसल्यावर कैसराकडे दाद मागितली होती, कृत्ये २५:११. करिंथमध्ये एकमेकांना लुबाडण्यासाठी चाललेल्या खटल्यांबद्दल तो बोलतोय.

---

केडगाव_लोकल | बुधवार, रात्री ८:५०

चव्हाट्यावर आणू नये, यावरून पंडिता रमाबाई आठवल्या.

१८९७ चा पुण्यातला प्लेग. सरकारी पथकं घरात घुसत होती, माणसं दवाखान्यात नि छावण्यांत नेली जात होती. रमाबाईंचं शारदा सदन १८९० पासून पुण्यात होतं. प्लेगच्या दवाखान्यात आपल्याकडच्या मुलींचे जे हाल झाले ते त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात नावानिशी लिहून छापलं. राज्यकर्तेही ख्रिस्ती, पत्रही ख्रिस्ती, लिहिणारीही ख्रिस्ती. 'आपल्या धर्माचं सरकार आहे, गप्प बसू' असं त्यांना वाटलं नाही. प्रकरण थेट विलायतेतल्या पार्लमेंटात निघालं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. बाईंनी आपलं म्हणणं सोडलं नाही.

याच बाईंनी पुढे केडगावात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, १९२२ साली देह ठेवण्याच्या अगदी शेवटच्या दिवसांपर्यंत. मीखाच्या तिसऱ्या अध्यायातलं ते वचन, पुढारी लाच घेऊन न्याय करतात, याजक मजुरी घेऊन शिकवतात, संदेष्टे पैशासाठी भविष्य सांगतात आणि वर "परमेश्वर आमच्यामध्ये नाही काय?" म्हणतात, ते त्यांनी मराठीत उतरवलं असेल तेव्हा १८९७ चं पुणं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असेल असं मला नेहमी वाटतं.

---

शांत_पाणी | बुधवार, रात्री ११:१०

पाळकाची_लेक, तुमच्या आईचं वाचून मला रात्री जेवण गेलं नाही.

मी एकच म्हणेन. अहाबाने एलीयाचं ऐकल्यावर कपडे फाडले, गोणपाट नेसला, उपास केला, आणि देवाने त्याचीही दखल घेतली. "अहाब माझ्यापुढे कसा नमला आहे ते पाहिलेस काय?" असं एलीयाला विचारलं. इतक्या वाईट राजाचीही. तेव्हा विचारायचं तर समोरच्याला परत यायला वाट राहील अशा बेताने विचारा. निशिगंध ताई, पत्रावर सही लागली तर माझ्यासारख्या बाहेरच्याची चालणार नाही, पण प्रार्थनेत आहे.

---

निशिगंध | शनिवार, संध्याकाळी ७:२५

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर आजींकडे गेले. जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. आधी माफी मागितली, शेजारी बसून हात वर केला म्हणून. त्या म्हणाल्या, "अगं, मीही सतरा वर्षं करतच आले की." मग कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. सतरा वर्षांचे जमाखर्चाचे कागद, वर्षावार, टाचणीने लावलेले. टाचण्यांचा गंज कागदाला लागला होता. प्रत्येक कागदावर 'गाळेभाडे' या ओळीखाली शिक्षकी लाल पेनाने बारीक रेघ. नुसती रेघ, काही लिहिलेलं नाही.

पत्राचा कच्चा मजकूर मी नेला होता. त्यात 'गैरव्यवहार' असा एक शब्द होता. आजींनी तो खोडून 'गाळेभाड्याची नोंद' असं केलं, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि "पाळकसाहेबांनाही एक प्रत द्या, त्यांना बाहेरून कळता कामा नये" असं सांगितलं. करार, मुदत आणि भाडं कोणत्या खात्यात जमा होतं, एवढे तीनच प्रश्न ठेवले. दफ्तरी काकांनी सांगितल्यासारखे.

सह्या पाच झाल्या. मी सात जणांना विचारलं होतं. दोघांनी आधी होकार दिला होता, नंतर फोन उचलला नाही. त्यांना दोष देत नाही, गेल्या रविवारी मी कुठे होते ते मला माहीत आहे.

आज सकाळी पत्र दिलं. कारकून भाऊंनी दोनदा वाचलं, आत जाऊन आले, आणि शिक्का मारून दिला. पुढची पंचकमिटी पंधरा तारखेला आहे. काय उत्तर येतं ते इथेच लिहीन. जुनी_पेटी काका, अर्पण मोजण्याची तुमची पद्धत सविस्तर लिहून पाठवाल का? जोडी बदलायचं कसं ठरवत होता, ते आजींना हवं आहे.